कोट्यधीश उमेदवारांना आपल्या घरचा हिशोब कळतो का?

शुभदा_ठाणे (धागाकर्ती)

2024 च्या विधानसभा निकालानंतर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, म्हणजे एडीआर, या संस्थेने नव्या आमदारांची शपथपत्रं तपासून आकडे जाहीर केले. तपासलेल्या 286 आमदारांपैकी 277 जण करोडपती. सरासरी मालमत्ता 43 कोटींच्या घरात. 2019 च्या सभागृहात हीच सरासरी 22 कोटींच्या आसपास होती. पाच वर्षांत जवळपास दुप्पट.

याच काळात राज्यात सगळ्यात जास्त गाजलेली योजना कोणती? लाडकी बहीण. वर्षाचं घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर बाईच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये. दोन कोटींहून जास्त बायकांनी ते घेतले. ज्या राज्यात दोन कोटी बायकांना 1500 रुपयांचा आधार वाटतो, त्या राज्याचा अर्थसंकल्प सरासरी 43 कोटीवाले मंजूर करतात. हे चित्र मला फार अस्वस्थ करतं.

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, त्यामुळे कागद वाचायची सवय आहे. निवडणूक आली की मी आमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची शपथपत्रं उतरवून घेते आणि सावकाश वाचते. सगळ्यांनी एकदा तरी वाचावीत. स्वतः, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब, अवलंबून असलेली मुलं, असे रकाने असतात. रोख किती, ठेवी किती, सोनं किती ग्रॅम, शेतजमीन कुठल्या गटात, बिगरशेती प्लॉट कुठे, कर्ज कुणाकडून. वाहनांच्या रकान्यात अनेकदा 'निरंक' लिहिलेलं दिसतं, कारण गाडी कंपनीच्या नावावर असते. व्यवसायापुढे 'शेती व व्यवसाय'. हे सगळं आपल्याला वाचायला मिळतं ते 2002 आणि 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालांमुळे. त्या वेळी संसदेने कायदा बदलून ही माहिती झाकायचा प्रयत्न केला होता आणि न्यायालयाने तो बदल रद्द केला.

श्रीमंती हा काही गुन्हा नाही. कुणी कष्टाने, कुणी वाडवडिलांमुळे श्रीमंत असतो. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याला आजारपणात सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत कधी उभं राहावं लागलं नाही, ज्याची मुलं झेडपीच्या किंवा पालिकेच्या शाळेत गेली नाहीत, ज्याने नळाला पाणी कधी येतं म्हणून पहाटे गजर लावला नाही, त्याला त्या दवाखान्याच्या, शाळेच्या, पाण्याच्या निर्णयाची निकड वाटेल कशी? माहिती मिळेल, अधिकारी टिपण देतील. निकड मात्र टिपणातून येत नाही.

तुमच्या भागातला अनुभव काय आहे? पक्षाची भांडणं इथे नकोत, ही विनंती.

---

माणदेशी

ताई, चांगला विषय काढला. मी सांगोल्याचा. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस अकरा वेळा आमदार होता. गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, मधे 72 ला आणि 95 ला पडले, बाकी प्रत्येक वेळी लोकांनी त्यांनाच धाडलं. आबा मुंबईला एसटीने जायचे, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण त्याचं नुसतं कौतुक करून भागत नाही. एसटीत बसल्यावर काय होतं ते बघा. शेजारी बसलेला माणूस बोलतो. डाळिंबावर तेल्या पडलाय, टँकर चार दिवसांनी येतोय, डीपी जळून आठवडा झाला. शिफारस नाही, चिठ्ठी नाही, पीए नाही. सांगोल्यापासून मुंबईपर्यंत अख्खी रात्र. गाडीच्या काचा वर असल्या की हे बोलणं आत येतच नाही.

1993 नंतर नागनाथअण्णा नायकवडींनी 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ उभी केली, त्यात आबा पहिल्या रांगेत होते. टेंभू उपसा योजनेचं पाणी माणदेशात यावं म्हणून किती वर्षं परिषदा झाल्या, मोर्चे झाले. ज्यानं उन्हाळ्यात दावणीची जनावरं छावणीला नेणारी माणसं रोज बघितलीत, त्यालाच एका मागणीसाठी वीस-पंचवीस वर्षं तग धरता येतो.

2021 साली जुलैमध्ये आबा गेले. आता त्यांचे नातू आमदार आहेत.

---

घाटकोपर_पूर्व

आमच्या मतदारसंघाचं नाव यात येणार हे ठरलेलं होतं, म्हणून मीच लिहितो. पराग शाह, 2024 च्या निवडणुकीतले राज्यातले सगळ्यात श्रीमंत उमेदवार. शपथपत्रातली मालमत्ता सुमारे 3,383 कोटी. 2019 साली पाचशे कोटींच्या आसपास होती. बांधकाम व्यवसायातले आहेत आणि यातला मोठा भाग शेअर्सच्या वाढलेल्या किमतीचा आहे. ते दोन्ही वेळा निवडून आले.

लोक इथे शपथपत्र वाचून मत देत नाहीत, असं समजू नका. माझ्या सोसायटीत कित्येकांनी तो आकडा वाचला होता. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्याकडे आधीच इतकं आहे तो गटाराच्या टेंडरमधे हात कशाला घालेल? हा विचार मला पटत नाही, पण तो खरोखर केला जातो आणि अशी माणसं अडाणी नाहीत. दुसरं म्हणजे पुनर्विकास. पंतनगरच्या जुन्या म्हाडा इमारतींत राहणाऱ्या माणसाला आमदार बिल्डर असला तर बरंच वाटतं, आपली फाईल त्याला समजेल म्हणून.

पण याच मतदारसंघात रमाबाई आंबेडकर नगर आहे. 2024 च्या मे महिन्यात छेडानगरला होर्डिंग पडून 17 माणसं गेली, तेही इथेच. पेट्रोल पंपावर उभी असलेली माणसं होती ती, रिक्षावाले, मोटारसायकलवाले. एकाच मतदारसंघात इतकी वेगवेगळी आयुष्यं असताना प्रतिनिधी कुणाच्या डोळ्यांनी बघतो, हा शुभदाताईंचा प्रश्न योग्य आहे. तो कुठल्याही एका आमदाराला उद्देशून नाही, आमच्या इथे याआधी आणि यापुढे येणाऱ्या सगळ्यांना लागू आहे.

---

पंचगंगा

थोडं वेगळं मत मांडतो. कोल्हापूरचा आहे, तेव्हा उदाहरण कुठलं देणार ते कळलं असेल. राजर्षी शाहू छत्रपती होते. त्यांच्यापेक्षा श्रीमंत माणूस करवीर संस्थानात नव्हता. 26 जुलै 1902 ला मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या त्यांनी, 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बडोद्यात सयाजीरावांनी ते 1906 लाच केलं होतं. शाहू महाराजांनी गरिबी भोगली नव्हती. तरी त्यांना कळलं.

तेव्हा अनुभव हाच एक मार्ग, हे मला मान्य नाही. आणि करोडपती या शब्दाचं काय घेऊन बसलात? ठाण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट असला तरी माणूस कागदावर करोडपती होतो. आमच्याकडे हायवेला लागून दोन एकर असलेला शेतकरीसुद्धा करोडपती आहे, आणि तो सोसायटीचं कर्ज थकलं म्हणून झोपत नाही.

---

शुभदा_ठाणे

@पंचगंगा, फ्लॅटचा मुद्दा रास्त आहे. एक कोटीची रेघ आता फार खाली आली आहे. म्हणून मी सरासरी दिली. 43 कोटी ही काही ठाण्याच्या टू बीएचकेची किंमत नाही.

शाहू महाराजांबद्दल: त्यांना वेदोक्ताच्या वेळी, म्हणजे भटजींनी वैदिक मंत्र म्हणायला नकार दिला तेव्हा, अपमान सोसावा लागला होता. पैसा होता, गादी होती, तरी आपल्याला खालचं समजणारं कुणीतरी आहे हे त्यांनी स्वतः भोगलं. मग त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि दरबार सोडून माणसांत मिसळले, वसतिगृहं काढली. हा अनुभवच की. तो खिशाचा नव्हता इतकंच.

मला सारखे आठवतात ते मधु दंडवते. सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, राजापूरचा खासदार. 1977 ला रेल्वेमंत्री झाले. तोवर सेकंड क्लासच्या स्लीपरचे बर्थ म्हणजे नुसत्या लाकडी फळ्या. रात्रभर त्यावर झोपून सकाळी उठलं की बरगड्या दुखायच्या, माझी आई अजून सांगते. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालायचा निर्णय घेतला. दोन इंच! गाडीचा वेग वाढला नाही, नवा मार्ग झाला नाही, फीत कापायला काही नव्हतं. पण आज देशात कुठेही स्लीपरने जाणारा माणूस ज्यावर पाठ टेकतो ते त्या निर्णयामुळे. आधीच्या मंत्र्यांपैकी कुणीच का केलं नाही? मला वाटतं, कारण त्यांची पाठ त्या फळीला कधी लागली नव्हती. फर्स्ट क्लासमधून प्रवास करणाऱ्याला फळी दिसते, टोचत नाही.

---

हंगा_ते_सुपा

नगर दक्षिणचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 2024 लोकसभा. एका बाजूला सुजय विखे, न्यूरोसर्जन, घराण्याची चौथी पिढी. दुसऱ्या बाजूला पारनेरचे निलेश लंके, साध्या घरातला माणूस. प्रचारात विखेंनी आव्हान दिलं, लंकेंनी माझ्यासारखं इंग्रजी बोलून दाखवावं. त्या दिवशी आमच्या चहाच्या टपरीवर जे वातावरण झालं ते सांगायला पाहिजे. बसलेल्यांपैकी निम्मे लोक दोघांपैकी कुणालाही मत द्यायला तयार नव्हते. पण त्या एका वाक्यानं प्रत्येकाला ते आपल्यालाच बोलल्यासारखं वाटलं. आमची पोरं झेडपीच्या शाळेत शिकली, त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून इंटरव्ह्यूतून परत येतात. घरोघरची जखम आहे ती.

लंके निवडून आले आणि त्यांनी खासदारकीची शपथ इंग्रजीत घेतली, शेवटी रामकृष्णहरी म्हणाले.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्याच विखे घराण्याचे विठ्ठलराव, सुजय यांचे पणजोबा, लोणीचे शेतकरी. गावोगाव हिंडून, लोकांकडून भागभांडवल गोळा करून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्या काळी सावकाराच्या पाशात अडकलेला शेतकरी काय भोगतो हे त्यांना सांगायला कुणी लागलं नाही. पणजोबांपासून पणतवापर्यंत येताना घरात पैसा आला, शिक्षण आलं, हॉस्पिटलं-कॉलेजं आली, आणि मधेच कुठेतरी बांधावरच्या माणसाला काय बोचतं ते सुटलं. हे एकट्या त्या घराचं नाही. सहकारातल्या बहुतेक घराण्यांचं हेच झालंय.

---

अधिपरिचारिका

मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नोकरी करते. गावाचं नाव लिहीत नाही.

आमच्याकडे डायलिसिसची मशीन आली. लोकप्रतिनिधी आले, नारळ फुटला, फोटो झाले. मशीन चांगली आहे. चालवायला तंत्रज्ञ नाही. पद मंजूर नव्हतं, मग मंजूर झालं, मग भरलं नाही. मशीनवर आम्ही प्लास्टिक घालून ठेवलं आहे, धूळ बसू नये म्हणून. पेशंट आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला जातात. एक आजोबा येतात, पंच्याहत्तरीच्या पुढचे, एसटी मोफत आहे म्हणून जाणं परवडतं. पण सोबत मुलगा जातो, त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. हा हिशोब कुठल्याच फायलीत नाही.

ज्यांनी नारळ फोडला ते वाईट नाहीत. मी त्यांना दोनदा भेटून सांगितलं, त्यांनी ऐकलं, फोनही लावला. पण त्यांच्या स्वतःच्या घरातला माणूस त्या खुर्चीत बसणार असता तर तंत्रज्ञ महिन्याच्या आत आला असता. एवढंच मला माहीत आहे.

---

शुभदा_ठाणे

ताई, हे मी दोनदा वाचलं. मला जे सांगायचं होतं ते तुम्ही सांगितलंत.

---

सासष्टीकार

गोव्याचं थोडं. 2024 ला दक्षिण गोव्यातून भाजपने पल्लवी धेंपे यांना उमेदवारी दिली. पती-पत्नीची मिळून मालमत्ता तेराशे कोटींच्या वर. समोर काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस, नौदलातून निवृत्त. साडेतेरा हजार मतांनी विरियातो जिंकले. बाहेरच्या लोकांनी लगेच 'श्रीमंतीचा पराभव' वगैरे लिहिलं. इथे राहणारा माणूस असं म्हणणार नाही. सासष्टी तालुक्याचं मतदान नेहमी कुठे जातं ते आम्हाला माहीत आहे, आणि कोळशाची वाहतूक, रेल्वेचं दुपदरीकरण, जमिनींची रूपांतरणं यावरचा राग आधीपासून होता. उमेदवार कुणीही असता तरी तो मतपेटीत उतरला असता.

तेव्हा श्रीमंत हरला की लोक जिंकले आणि श्रीमंत जिंकला की लोक विकले गेले, अशी मांडणी करू नका, कृपया.

---

नाशिकचा_वकील

चर्चा माणसांवर चालली आहे, मी जरा व्यवस्थेवर येतो. गरीब उमेदवार येतच नाहीत त्याचं काय?

कायद्याप्रमाणे विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख, लोकसभेला 95 लाख. अनामत 10 हजार आणि 25 हजार, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. एकषष्ठांश मतं मिळाली नाहीत तर जप्त. वरवर पाहता कुणालाही परवडेल. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि प्रत्यक्षात काय होतं ते गोपीनाथ मुंडेंनी 2013 साली मुंबईत जाहीर भाषणात सांगून टाकलं होतं: 1980 ला आमदारकीला काही हजार लागले, 2009 ला लोकसभेला 8 कोटी. निवडणूक आयोगाची नोटीस आली. त्या वेळची मर्यादा 25 लाख होती. इतकं उघड दुसरं कुणी बोललं नाही, म्हणून त्यांचंच नाव राहिलं. 2024 ला तर निर्मला सीतारामन म्हणाल्या, लोकसभा लढवण्याएवढा पैसा माझ्याकडे नाही. देशाच्या अर्थमंत्री!

पक्ष तिकीट देताना पहिला प्रश्न विचारतो, 'स्वतःचं किती लावणार?' हे मी मुलाखतींना गेलेल्या अशिलांकडून ऐकलं आहे, एकाच पक्षाबद्दल नाही. एकदा हा प्रश्न आला की शिक्षक, नर्स, अंगणवाडी ताई, छोटा दुकानदार त्या खोलीतून आपोआप बाहेर. मतदाराच्या हातात जी यादी येते ती आधीच चाळलेली असते. मग तो संवेदनशील श्रीमंत आणि असंवेदनशील श्रीमंत यांच्यात निवड करतो. दोष त्याला देऊ नये.

---

लेस्टरकर

इंग्लंडातही हेच चालतं. ऋषी सुनक पंतप्रधान असताना 2024 च्या प्रचारात त्यांना विचारलं, लहानपणी कशावाचून राहावं लागलं? म्हणाले, घरी स्काय टीव्ही नव्हता. इथल्या आमच्या मराठी मंडळात पक्षाने त्यांचे असलेले लोकसुद्धा गप्प बसले. त्याआधीच्या हिवाळ्यात कित्येक घरांनी हीटिंग बंद ठेवलं होतं.

---

जव्हार_डहाणू_रोड

वकील साहेबांचं पटलं, पण दार पूर्ण बंद नाही. डहाणूचे विनोद निकोले, माकप. 2019 ला निवडून आले तेव्हा शपथपत्रात मालमत्ता 51,082 रुपये. आधी डहाणूत वडापाव विकायचे, मग पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. 2024 ला पुन्हा निवडून आले, त्या लाटेतही.

कसं जमलं? पैशाच्या जागी संघटना होती म्हणून. तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर गोदूताई परुळेकरांच्या वारली उठावापासून, म्हणजे 1945 पासून बांधलेली माणसं आहेत. वनपट्ट्याचा दावा भरायला, तलाठ्याकडे जायला, मोर्चाला चालायला तीच असतात. 2018 चा नाशिक ते मुंबई लाँग मार्च सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, आमच्या पाड्यातल्या बायका तो चालल्या. असं वर्षानुवर्षं उभं केलेलं काही असेल तर बॅनर आणि जेवणावळींशिवाय निवडणूक लढता येते. नसेल तर एकटा प्रामाणिक गरीब उमेदवार अनामत घालवून घरी येतो. असे दोन-तीन चांगले लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यातल्या एकाने बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं.

---

पंचगंगा

@जव्हार_डहाणू_रोड, हे महत्त्वाचं आहे. आमदाराच्या खिशात काय आहे यापेक्षा तो कुणाला उत्तर द्यायला बांधलेला आहे, हे बघायला हवं. निकोलेंना पाड्यावरच्या लोकांना उत्तर द्यावं लागतं. ज्याने स्वतःच्या पैशावर निवडणूक जिंकली त्याला वाटतं, मी कुणाचं काही लागत नाही. सिस्टरांच्या त्या मशीनवरचं प्लास्टिक तिथून येतं.

सक्ती केली तर? लोकप्रतिनिधींची मुलं सरकारी शाळेतच गेली पाहिजेत, उपचार सरकारी रुग्णालयातच?

---

नाशिकचा_वकील

अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये साधारण तसाच आदेश दिला होता. सरकारी तिजोरीतून पगार घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश या सगळ्यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घाला म्हणून. अंमल झाला नाही. सक्तीने होणारही नाही, असं माझं मत. पण शपथपत्राच्या नमुन्यात दोन रकाने वाढवायला कुणाची हरकत नसावी: मुलं कुठल्या प्रकारच्या शाळेत शिकली, आणि गेल्या पाच वर्षांत कुटुंबाने उपचार सरकारी ठिकाणी घेतले की खासगी. मालमत्तेचा रकानासुद्धा 2002 च्या आधी अशक्यच वाटत होता. एडीआरच्या प्राध्यापकांनी 1999 ला याचिका केली, म्हणून आज आपण हे आकडे वाचतोय.

---

माणदेशी

दोन रकाने चांगले आहेत, त्यात तिसरा घाला. गेल्या वर्षभरात मतदारसंघात एसटीने किती वेळा प्रवास केला. तिकिटं जोडायला सांगा.

---

शुभदा_ठाणे

तिन्ही रकाने मी उतरवून घेतले. कायदा बदलायची वाट न बघता आपण हे प्रश्न थेट विचारू शकतो. आमच्या प्रभागात प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला सोसायटीच्या सभेत हेच विचारायचं मी सेक्रेटरींशी बोलून ठरवलं आहे, सोबत एक स्थानिक प्रश्न: प्रभागातल्या पालिकेच्या दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ कुठल्या वारी बसतात? सिस्टर, तुमच्या तंत्रज्ञाच्या पदाचा मंजुरी आदेश कुठल्या वर्षाचा आहे ते मला व्यक्तिगत निरोपातून कळवाल का? माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहिते, तुमचं नाव कुठेही येणार नाही. वकील साहेबांनी मसुदा एकदा नजरेखालून घालावा.

---

अधिपरिचारिका

कळवते. आदेशाची प्रत कार्यालयात आहे, सोमवारी ड्युटीवर गेले की बघते.